सुटका आणि भरपाई : शांततामय निदर्शकांच्या बेकायदा अटकेसंबंधीचा भारतीय न्यायेतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

बेकायदा अटकेविरुद्ध इंग्लंडच्या न्यायपद्धतीतून आपल्याकडे आलेला सर्वांत जुना व प्रतिष्ठित उपाय म्हणजे देहोपस्थितीचा, अर्थात हेबियस कॉर्पसचा, अर्ज होय. बंदिवानास न्यायालयापुढे हजर करा आणि त्यास कोणत्या आधारावर डांबून ठेवले आहे ते सांगा, अशी आज्ञा न्यायालय या अर्जावरून राज्यसत्तेस करते. आधार दाखविता आला नाही तर बंदिवान मुक्त होतो. व्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासात या उपायाची थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्याची एक मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. तो उपाय तुरुंगाचा दरवाजा उघडतो. बंदिवासात गेलेले दिवस मात्र तो परत देत नाही, व त्या दिवसांचा हिशेबही मागत नाही.

शांततामय निदर्शकांच्या बाबतीत ही मर्यादा विशेष जाणवते. निदर्शकास पकडण्यात शासनाचा हेतू बहुधा त्याला दीर्घकाळ कोंडून ठेवण्याचा नसतो. सभेचा दिवस टळावा, मिरवणूक निघू नये, मंत्र्यांचा दौरा निर्विघ्न पार पडावा, एवढ्यापुरतीच ती अटक असते. सकाळी धरलेला कार्यकर्ता सायंकाळी, अथवा फार तर आठवड्याने, सुटतो. न्यायालयात अर्ज सुनावणीस येतो तेव्हा तो मोकळाच असतो, आणि सुटका झाली असल्यामुळे अर्जात आता काही उरले नाही, असा शेरा मारून प्रकरण निकालात काढले जाते. परिणामी ती अटक कायदेशीर होती की बेकायदा, या मूळ प्रश्नाचा निर्णय कोणीच देत नाही.

म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्न केवळ पैशाचा नव्हे. अल्पकालीन अटकेच्या वैधतेची न्यायालयीन तपासणी व्हावयाची असेल तर सुटकेनंतरही जिवंत राहील असा एखादा हक्क अटक झालेल्या माणसाजवळ असला पाहिजे. भरपाईचा हक्क हा तसा हक्क होय. हे तत्त्व भारतात कसे नाकारले गेले, कसे स्वीकारले गेले, आणि ज्या निदर्शकास त्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत ते कितपत पोहोचले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. सार्वभौमत्वाची ढाल

राज्यसत्तेच्या सेवकाने केलेल्या अपकृत्याबद्दल राज्यसत्तेवर दावा लावता येतो काय, या प्रश्नाचा भारतातील आरंभ एका घोड्याच्या अपघातापासून होतो. कलकत्त्याच्या खिदिरपूर येथील सरकारी गोदीतील कामगारांच्या हयगयीमुळे पेनिन्शुलर अँड ओरिएंटल या आगबोट कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. १८६१ मध्ये कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. पण तो देताना त्यांनी एक भेद केला. व्यापारी अथवा खाजगी व्यक्तीही करू शकेल अशा कामात हयगय झाली तर सरकार जबाबदार. परंतु सार्वभौम अधिकाराच्या वापरात घडलेल्या कृत्याबद्दल दावा चालणार नाही. पोलिसांनी केलेली अटक दुसऱ्या वर्गात मोडते, हे उघड आहे. एका घोड्याच्या मालकास ज्या निकालाने न्याय मिळाला त्याच निकालाने पुढे शंभर वर्षे बेकायदा अटक झालेल्या माणसाची वाट अडवून धरली.

राज्यघटनेच्या ३०० व्या अनुच्छेदाने सरकारविरुद्धच्या दाव्यांची ही जुनी व्यवस्था, संसद व विधिमंडळे वेगळा कायदा करीपर्यंत, तशीच चालू ठेवली. पहिल्या विधी आयोगाने १९५६ मधील आपल्या पहिल्याच अहवालात राज्याचे दायित्व कायद्याने निश्चित करावे, अशी शिफारस केली. तथापि १९६४ मध्ये कस्तुरीलाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला तेव्हा परिस्थिती बदललेली नव्हती. १९४७ मध्ये मीरत येथे पोलिसांनी एका व्यापाऱ्याचे सोने जप्त केले. ठाण्याच्या मालखान्यातून एका हेड कॉन्स्टेबलने त्याचा अपहार केला व तो पाकिस्तानात निघून गेला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालात, जप्ती ही सार्वभौम अधिकाराचा भाग असल्यामुळे सरकार भरपाईस बांधील नाही, असे ठरले. गजेंद्रगडकरांना स्वतःला हा निष्कर्ष समाधानकारक वाटला नव्हता, हे निकालावरून स्पष्ट दिसते. कायदेमंडळाने या बाबतीत लक्ष घालावे, असे त्यांनी सुचविले. त्यानंतर १९६५ व १९६७ मध्ये संसदेत विधेयके मांडली गेली. दोन्ही विधेयके कायद्यात रूपांतरित न होताच व्यपगत झाली. हा विषय मार्गी लावण्याची संधी कायदेमंडळापाशी होती व तिने ती दवडली, ही गोष्ट पुढील इतिहास समजून घेताना विसरून चालणार नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेत निराधार अटकेबद्दल भरपाईची तरतूद होती, असे यावर कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण ती भरपाई ज्या खाजगी इसमाच्या सांगण्यावरून पोलिसांनी अटक केली त्याने द्यावयाची होती, सरकारने नव्हे. १९७३ च्या संहितेत तिची कमाल मर्यादा शंभर रुपये होती. २००५ च्या सुधारणेने ती एक हजार रुपये झाली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती तेवढीच ठेवण्यात आली आहे.

३. घटनासमितीतील 'भरपाई'

या इतिहासात 'भरपाई' हा शब्द एकदा निराळ्याच अर्थाने आलेला आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण करणाऱ्या अनुच्छेदातून 'योग्य विधिप्रक्रिया' ही कल्पना वगळून तिच्या जागी 'कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती' एवढेच शब्द घालण्यात आले, तेव्हा घटनासमितीवर बाहेरून कडक टीका झाली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक नवा अनुच्छेद मांडला. आधी जे गमावले गेले त्याची ही एका अर्थाने भरपाई आहे, अशा आशयाचे स्पष्टीकरण त्यांनी त्या वेळी केले. तो अनुच्छेद म्हणजे आजच्या घटनेतील २२ वा अनुच्छेद. अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, ही तीन बंधने त्याने पोलिसांवर घातली. ही तत्त्वे फौजदारी प्रक्रिया संहितेत होतीच. आता सामान्य कायद्याने ती काढून टाकता येऊ नयेत, हा हेतू होता. मात्र त्याच अनुच्छेदाच्या उत्तरार्धात प्रतिबंधक स्थानबद्धतेस, म्हणजे गुन्हा घडण्यापूर्वीच केवळ संभाव्यतेवरून केलेल्या बंदिवासास, या बंधनांतून मोकळीक देण्यात आली.

बंधने घातली गेली. पण ती मोडली तर काय, याचे उत्तर अनुच्छेदात नाही. पोलिसाने कारण सांगितले नाही अथवा चोवीस तासांत हजर केले नाही, तर त्याचा परिणाम कोणता? सुटका, एवढेच उत्तर प्रथम सुचले. ते किती अपुरे होते हे पुढील प्रकरणावरून दिसून येईल.

४. लखीसराय, १९६८

६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारमधील मोंघीर जिल्ह्यातील लखीसराय रेल्वे स्थानकावर लोकसभेचे सदस्य मधु लिमये व त्यांचे अनेक सहकारी यांना अटक झाली. लिमये मूळचे पुण्याचे. गोव्याच्या मुक्तीसाठी १९५५ मध्ये सत्याग्रह केल्याबद्दल पोर्तुगीज सत्तेने त्यांना बारा वर्षांची शिक्षा सुनावली होती व सुमारे दीड वर्ष कैदेत ठेवले होते. स्वतंत्र भारतातील अटकेशीही त्यांचा परिचय नवा नव्हता. नवे होते ते त्यांनी त्या अटकेला दिलेले उत्तर. त्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले व ते घटनेच्या ३२ व्या अनुच्छेदाखालील अर्ज म्हणून दाखल झाले. आम्हांस पकडले आहे, पण का पकडले हे सांगितलेले नाही; जामीनयोग्य कलमांखाली पकडले आहे एवढेच ऐकविण्यात आले, अशी त्यांची तक्रार होती.

शासनाचे म्हणणे असे की, उपविभागीय दंडाधिकाऱ्याने १४४ व्या कलमाखाली काढलेला मनाईहुकूम या मंडळींनी मोडला. परंतु मनाईहुकूम मोडण्याच्या ज्या गुन्ह्याचा मूळ नोंदीत उल्लेख होता त्याबद्दल त्या काळी पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येत नसे; दखलपात्र गुन्ह्याची कलमे नंतर पुढे आली. अटकेची कारणे त्या वेळी कळविली होती, असे शासनास दाखविता आले नाही. दंडाधिकाऱ्यांनी नंतर कोठडीचे हुकूम दिले होते, हा शासनाचा शेवटचा आधार होता. न्यायालयाने तोही मान्य केला नाही. कोठडीचे हुकूम ठरावीक साच्यातले होते. मुळात घटनाबाह्य असलेली अटक अशा हुकमांनी शुद्ध होत नाही, असे ठरवून डिसेंबर १९६८ मध्ये न्यायालयाने सर्वांना मुक्त करण्याची आज्ञा दिली.

निकाल तत्त्वतः मोठा होता. कारण सांगणे ही केवळ औपचारिकता नसून अटकेच्या वैधतेची अट आहे, हे त्याने प्रस्थापित केले. पण या विजयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लिमये व त्यांचे सहकारी ज्या काळात बेकायदा कैदेत होते त्या काळाबद्दल कोणीही काही देणे लागत नव्हते. ज्या अधिकाऱ्याने बेकायदा अटक केली त्याला, अथवा ज्या शासनाच्या नावे ती झाली त्याला, या निकालाने कसलीच झळ पोहोचली नाही. पुढे लिमये यांनी १४४ व्या आणि १०७ व्या कलमांच्या घटनात्मकतेलाच आव्हान दिले. १९७० मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ती कलमे वैध ठरविली. परंतु माहितीच्या खरेपणाची चौकशी सुरू केल्याशिवाय दंडाधिकाऱ्यास अंतरिम मुचलका मागता येणार नाही, असे बंधन घातले. आणखी एक बंधन आले; ते मोडण्याची किंमत मात्र अजूनही ठरली नव्हती.

५. आणीबाणी आणि १९७९ ची अट

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. शहा आयोगाच्या अहवालातील आकडेवारीनुसार त्या काळात अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसे पकडली गेली. निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी, व त्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही, स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्यास आपण समर्थ आहोत असे ठरविले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायाधीशांनी ती दारे बंद केली. बहुमतातील न्यायमूर्तींत यशवंत विष्णू चंद्रचूड होते. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्नांचे होते. आजवर भरपाई मिळत नव्हती, आता सुटकेचा अर्जही चालेनासा झाला.

आणीबाणी संपल्यावर ४४ व्या घटनादुरुस्तीने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही अशी तजवीज केली. त्याच सुमारास, १० एप्रिल १९७९ रोजी, भारत नागरी व राजकीय अधिकारांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. १९६६ मध्ये स्वीकृत झालेल्या या कराराच्या ९ व्या अनुच्छेदाचा पाचवा खंड असे सांगतो की, बेकायदा अटकेस अथवा स्थानबद्धतेस बळी पडलेल्या प्रत्येकास भरपाईचा अंमलबजावणीयोग्य हक्क असेल. २१ वा अनुच्छेद शांततामय सभेचा हक्क मान्य करतो. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे आपल्या विषयाचा आंतरराष्ट्रीय पाया तयार होतो. परंतु करारात सामील होताना भारत सरकारने एक घोषणा जोडली : बेकायदा अटकेबद्दल राज्याविरुद्ध भरपाई मागण्याचा अंमलबजावणीयोग्य हक्क भारतीय विधिव्यवस्थेत नाही. ज्या सरकारातील अनेक मंत्री नुकतेच तुरुंगातून बाहेर आले होते त्याच सरकारच्या काळात ही अट घातली गेली, ही घटना विचार करावयास लावणारी आहे. सत्तेत कोण आहे यापेक्षा सत्ता ही आपल्या दायित्वाकडे कशी पाहते, हे तीवरून अधिक कळते.

आणीबाणीतील बंदिवानांना भरपाई देणारा कायदा संसदेने केला नाही. कालांतराने काही राज्यांनी त्यांना मानधन सुरू केले. महाराष्ट्र शासनाने ते २०१८ मध्ये सुरू केले, २०२० मध्ये सरकार बदलल्यावर बंद केले आणि २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलल्यावर पुनश्च चालू केले. या चढउतारातून अनुग्रह आणि हक्क यांतील भेद चांगला स्पष्ट होतो. अनुग्रह देणाऱ्याच्या मर्जीवर चालतो व मर्जी फिरताच थांबतो. शिवाय तो देताना, अटक बेकायदा होती, अशी कबुली कोणास द्यावी लागत नाही. हक्काची भरपाई मात्र त्या कबुलीवाचून अथवा त्या निर्णयावाचून संभवतच नाही.

६. दोन निकाल : १९८३ व १९८५

शासनाने जे नाही म्हणून जगास कळविले ते न्यायालयाने चार वर्षांतच निर्माण केले. बिहारमधील मुजफ्फरपूरच्या तुरुंगातील रुदल शाह याची ३ जून १९६८ रोजी निर्दोष मुक्तता झाली होती. पण तो प्रत्यक्षात सुटला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. चौदा वर्षांहून अधिक काळ एक निर्दोष माणूस कैदेत राहिला. तो वेडा होता, असे कारण शासनाने दिले. त्यास पुरावा नव्हता. येथे आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, अर्ज सुनावणीस आला तेव्हा त्याची सुटका झालेली होती. जुन्या रिवाजाप्रमाणे प्रकरण तेथेच संपावयाचे. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी ते संपू दिले नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क मोडल्यावर न्यायालयाने केवळ सुटकेचा हुकूम देऊन थांबावे, तर त्या हक्काबद्दल आपण फक्त तोंडदेखला आदर दाखविला असे होईल, अशी त्यांची विचारसरणी होती. १ ऑगस्ट १९८३ च्या निकालाने शासनाने आधी दिलेल्या पाच हजारांखेरीज आणखी तीस हजार रुपये देण्याचा हुकूम झाला, आणि पूर्ण नुकसानीसाठी दिवाणी दावा लावण्याची मुभा राखून ठेवण्यात आली. १९७६ मध्ये ज्यांनी दार बंद करण्यास संमती दिली होती त्याच न्यायमूर्तींच्या लेखणीतून सात वर्षांनी हा नवा मार्ग उघडला.

रक्कम अर्थातच तुटपुंजी होती; पस्तीस हजार रुपये त्या बंदिवासाच्या काळावर विभागले तर दिवसाचे सात रुपयेही होत नाहीत. पण तत्त्व प्रस्थापित झाले. ते राजकीय विरोधकाच्या अटकेस लागू पडते काय, याचा निर्णय दोन वर्षांनी झाला.

जम्मू-काश्मीर विधानसभेचे सदस्य भीमसिंग यांना सभागृहातून निलंबित करण्यात आले होते. ९ सप्टेंबर १९८५ रोजी उच्च न्यायालयाने त्या निलंबनास स्थगिती दिली. अधिवेशनास हजर राहण्यासाठी ते त्याच रात्री जम्मूहून श्रीनगरास निघाले असता १० तारखेच्या पहाटे वाटेत त्यांना पकडण्यात आले. आदल्या दिवसांत जम्मूच्या एका जाहीर सभेत केलेले भाषण प्रक्षोभक होते, असा आरोप ठेवण्यात आला. त्यांना प्रत्यक्ष हजर न करताच पोलिसांनी दोनदा कोठडीचे हुकूम मिळविले, व ते देणाऱ्यांनी बंदिवान कोठे आहे याची विचारपूसही केली नाही. १६ सप्टेंबर रोजी सत्र न्यायालयाने त्यांना जातमुचलक्यावर सोडले. त्यांच्या पत्नीने सर्वोच्च न्यायालयात केलेला अर्ज २२ नोव्हेंबर १९८५ रोजी निकालात निघाला तेव्हा सुटकेचा प्रश्न उरलाच नव्हता. परंतु न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी व खलिद यांनी असे ठरविले की, दुष्ट हेतूने केलेल्या बेकायदा अटकेचा कलंक माणसास सोडून दिल्याने पुसला जात नाही; योग्य प्रकरणी न्यायालय भरपाई देऊ शकते. भीमसिंगांना पन्नास हजार रुपये देण्याचा हुकूम झाला.

लखीसराय आणि भीमसिंग ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे सतरा वर्षांत काय बदलले ते कळते. दोन्हींत लोकप्रतिनिधी, दोन्हींत निष्काळजीपणे दिलेले कोठडीचे हुकूम, दोन्हींत २२ व्या अनुच्छेदाचा भंग. पहिल्यात न्यायालयाजवळ फक्त किल्ली होती. दुसऱ्यात दार आधीच उघडलेले असूनही न्यायालयाने निर्णय दिला. भरपाईच्या अधिकारामुळेच हे शक्य झाले.

७. तत्त्वाची बैठक

हा अधिकार सार्वभौमत्वाच्या जुन्या सिद्धांताशी कसा जुळवावयाचा, हे बराच काळ अस्पष्ट होते. २४ मार्च १९९३ रोजी ओरिसातील नीलबती बेहेरा यांच्या प्रकरणात ते स्पष्ट झाले. त्यांच्या तरुण मुलाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला होता. न्यायालयाने दीड लाख रुपये भरपाई दिली. न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांनी असे प्रतिपादन केले की, मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल न्यायालय जी भरपाई देते ती सार्वजनिक कायद्यातील आहे; ती अपकृत्याच्या दाव्यातील भरपाईहून वेगळी असून तिला सार्वभौमत्वाची ढाल आडवी येत नाही. या निकालात आंतरराष्ट्रीय कराराच्या ९ व्या अनुच्छेदाचा आधारही घेण्यात आला. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात अटकेच्या वेळी पाळावयाचे अकरा नियम घालून देताना न्यायालयाने म्हटले की, १९७९ च्या अटीत आता अर्थ राहिलेला नाही. अट कागदोपत्री मागे घेतलेली नाही. परंतु जी गोष्ट आपल्याकडे नाही असे ती सांगते ती गोष्ट न्यायालयीन निर्णयांनी अस्तित्वात आलेली आहे.

८. अन्यत्र काय घडले

निदर्शकांच्या अल्पकालीन अटकेचे मोल कसे करावे, याविषयी अन्य देशांतील दोन प्रकरणे तुलनेसाठी उपयुक्त आहेत. २० जानेवारी १९९४ रोजी लंडनमध्ये लढाऊ हेलिकॉप्टरविषयक परिषदेबाहेर पत्रके वाटणाऱ्या व फलक धरून उभ्या राहिलेल्या तिघांना शांतताभंगाच्या सबबीवर पकडून सुमारे सात तास ठेवण्यात आले. खटला नंतर सोडून देण्यात आला. १९९८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ही अटक व्यक्तिस्वातंत्र्याचा आणि अभिव्यक्तीचाही भंग ठरवून प्रत्येकास पाचशे पौंड देवविले. सात तास ही क्षुल्लक बाब आहे, असे त्या न्यायालयास वाटले नाही.

मे १९७१ मध्ये वॉशिंग्टन येथे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातील निदर्शनांत बारा हजारांहून अधिक माणसे पकडली गेली. त्यांपैकी सुमारे बाराशे जणांना संसदभवनाच्या पायऱ्यांवर लोकप्रतिनिधींची भाषणे ऐकत असता अटक झाली होती. १९७५ मध्ये ज्यूरीने त्यांना एकूण सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. १९७७ मध्ये अपील न्यायालयाने रकमा अवाजवी ठरविल्या; पण एक तत्त्व मान्य केले, ते असे की कोठडीत गेलेल्या तासांची भरपाई वेगळी आणि मोडलेल्या सभेची भरपाई वेगळी. निदर्शक केवळ आपला वेळ गमावीत नाही. ज्या प्रसंगी ज्या जागी आपले म्हणणे मांडावयाचे तो प्रसंगच गमावतो, व तो पुन्हा येत नाही.

९. उणिवा

भारतीय न्यायव्यवस्थेत हा दुसरा घटक अद्याप स्वतंत्रपणे मोजला गेल्याचे दिसत नाही. ४ जून २०११ च्या मध्यरात्री दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या जनसमुदायावर पोलिसांनी केलेल्या कारवाईबद्दल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये भरपाई देवविली : मृत महिलेच्या वारसांना पाच लाख, गंभीर जखमींना पन्नास हजार व किरकोळ जखमींना पंचवीस हजार रुपये. यातील चतुर्थांश भार आयोजक संस्थेवर टाकण्यात आला. सभेचा हक्क मोडला गेला, हे निकालात मान्य आहे. मोजदाद मात्र जखमांचीच झाली. ज्याला इजा झाली नाही, फक्त हुसकावून लावले गेले, त्याच्या वाट्यास काही आले नाही.

दुसरी उणीव प्रमाणाची. चौदा वर्षांस पस्तीस हजार आणि आठवड्यास पन्नास हजार, या आकड्यांतून कोणतेही सूत्र काढता येत नाही. तिसरी उणीव अशी की, हा उपाय न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून आहे. २००६ मधील सुबेसिंग प्रकरणात असे ठरले की, हक्कभंग उघड व निर्विवाद असेल तरच रिट अर्जात भरपाई द्यावी. तथ्यांविषयी वाद असेल तर दिवाणी दावा लावावा. ज्या निदर्शकास दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवले व ज्याची नोंदच झाली नाही, त्याच्या बाबतीत तथ्य नेहमीच वादग्रस्त असणार. आणि दोन दिवसांसाठी दहा वर्षे दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या कोण झिजवील?

या दृष्टीने उत्तर प्रदेशातील एक अलीकडील घटना उल्लेखनीय आहे. शांतताभंगाच्या भीतीने पकडलेल्या इसमांना मुचलका देण्याची तयारी असूनही अडकवून ठेवल्याच्या प्रकरणी अलाहाबाद उच्च न्यायालयात अर्ज झाला, तेव्हा २०२१ मध्ये राज्य शासनाने स्वतःच धोरण जाहीर केले : बेकायदा स्थानबद्धता सिद्ध झाल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई. ज्या कलमांविरुद्ध मधु लिमये १९७० मध्ये झगडले त्याच वर्गातील कलमांखालील ही अटक होती. रक्कम लहान आहे. परंतु ती आधी ठरलेली आहे आणि तीमुळे अधिकाऱ्यास अटकेपूर्वीच तिचा विचार करावा लागतो, हे तिचे वैशिष्ट्य होय.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, भारतात बेकायदा अटकेच्या भरपाईचे तत्त्व कायदेमंडळाने दिलेले नाही. १९६५, १९६७ व १९७९ अशा तीन वेळी ते देण्याची संधी आली असता ते दिले गेले नाही. ते न्यायालयाने घडविले. दुसरी, ते घडले ते विस्मृतीत गेलेल्या कैद्यांच्या व कोठडीत मृत्यू पावलेल्यांच्या प्रकरणांतून. अशा प्रकरणांत अन्याय इतका ढळढळीत असतो की न्यायालयास डोळेझाक करता येत नाही. निदर्शकाची अटक अल्पकालीन व शिष्टसंमत कलमांच्या आवरणाखाली असल्यामुळे ती या तत्त्वाच्या कडेला राहिली आहे. तिसरी, म्हणूनच त्याच्या बाबतीत भरपाई किती, यापेक्षा ती मागता येते की नाही, हा प्रश्न मोठा आहे. जेथे भरपाई मागता येते तेथे न्यायालयास अटकेची कारणे पाहावी लागतात, मनाईहुकमाचा कागद वाचावा लागतो, कोठडीचा हुकूम देणाऱ्याने बंदिवानाचे तोंड तरी पाहिले होते काय, हे विचारावे लागते. जेथे ती मागता येत नाही तेथे सायंकाळची सुटका हाच सकाळच्या अटकेचा समारोप ठरतो.

१४४ व्या कलमाची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाने घेतली आहे, आणि प्रतिबंधक अटकेचे जुने १५१ वे कलम १७० वे झाले आहे. क्रमांक बदलले, अधिकार तेच आहेत. त्यांच्या बेकायदा वापराची किंमत कायद्यानेच ठरवून द्यावी, ही १९५६ मधील विधी आयोगाच्या शिफारशीमागची मागणी अद्याप पूर्ण झालेली नाही. ती पूर्ण होईपर्यंत लखीसरायच्या अटकेच्या दिवशी लिहिलेल्या त्या पत्राला अर्धेच उत्तर मिळाले आहे, असे म्हणणे प्राप्त होते.